पाव फेरा

१

अनिता पाण्यावर आली तेव्हा तिच्या तोंडात रोहनच्या सिलेंडरची नळी होती.

मला वाटलं, हे ठरल्यातलंच आहे. एकाची हवा संपली तर दुसऱ्याची कशी घ्यायची, हे व्हिडिओत दाखवायचंच होतं. म्हणून मी कॅमेरा चालू ठेवला आणि खाणीच्या काठावरून ‘झकास’ म्हणून ओरडलोसुद्धा. मी लग्नं शूट करणारा माणूस. खरं रडणं आणि कॅमेऱ्यासाठी रडणं यातला फरक मला कळतो, असं मी चारचौघांत सांगतो. त्या दिवशी कळला नाही.

ती दगडी पायऱ्यांवर गुडघे टेकून खोकत राहिली. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. रोहननं तिच्या पाठीमागं जाऊन सिलेंडरचा कॉक बंद करायला हात घातला आणि तो जागच्या जागी थांबला. एरवी तो कॉक बंद करायला मनगट बरंच फिरवावं लागतं. आत्ता जरासा फिरला आणि अडला.

“म्याडम,” तो म्हणाला, “कॉक पाव फेराच उघडा व्हता.”

अनितानं मान वर केली. “मी पूर्ण उघडला होता,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’वर मी कॅमेरा बंद केला. अंदमानात इतकी वर्षं लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप वर आणणारी बाई ही. ती बहुतेक म्हणत नाही.

अंगावर टॉवेल घेऊन बसल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, रविवारी पहिली बॅच यायचीय, त्यांना नको म्हणून कळवते. कॉक मीच विसरले असेन तर मला कुणाला शिकवायचा अधिकार नाही, कायमचं बंद करते. आणि विसरले नसेन तर...

तिच्याशिवाय आम्ही पाचच माणसं तिथं होतो.

२

माझं नाव चांगदेव. दौंडात ‘चांगदेव व्हिडिओ’ विचारलं की कुणीही घर दाखवेल. तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या हार्ड डिस्कमध्ये आहेत, माझं सोडून. हा विनोद मी आपणहून करतो, म्हणजे दुसऱ्यानं करायची पाळी येत नाही.

अनिता आमच्या दौंडचीच. तिचे वडील शंकरराव, म्हणजे आबा, रेल्वेत होते. तिकडं समुद्रावर तिचं बरं चाललं होतं, पण आई गेली, आबा एकटे पडले आणि ही सगळं सोडून परत आली. आता दौंडात समुद्र कुठून आणायचा? शेवटी चौफुल्यावरनं न्हावऱ्याकडं जाताना आडबाजूला मच्छिंद्रची दगडाची बंद पडलेली खाण तिला सापडली. खोल, आणि पाणी नितळ. गोव्याला जाण्याआधी पुण्या-नगरकडची माणसं इथं शिकतील, असं तिचं गणित होतं. लोक म्हणाले, पोरगी खुळी झाली. मीही मनात म्हणालो. पण तिच्या जाहिरातीचा व्हिडिओ करायला मलाच बोलावलं, मग खुळेपणा जरा कमी वाटायला लागला.

बोलणी करायला मी तिच्या घरी गेलो होतो. चहा आबांनी केला. सत्तरी ओलांडलेला माणूस, बायको गेल्यावर पहिल्यांदा शेगडीपुढं उभा राहिलेला. नोकरीत त्यांचं काम डब्यांच्या चाकांवर हातोडी मारत जायचं. नुसत्या आवाजावरून चाकाला तडा गेलाय का ते सांगायचे. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. माझ्या ट्रायपॉडला, स्कूटरच्या टाकीला, दिसेल त्या लोखंडाला बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचे आणि ‘बरी हाय’ म्हणायचे. माझ्या स्कूटरला बरी म्हणणारा तो तालुक्यातला एकटा माणूस.

निघताना ते आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि गॅस बंद केला का बघायला परत गेले. आले, पुन्हा गेले. अनितानं हळूच सांगितलं, आई गेल्यानंतर एकदा गॅस चालूच राहिला होता, शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून असं आहे. मला हसू आलं नाही. एकट्या माणसाच्या घरी दिवा, नळ आणि गॅस यांच्याशीच काय ते बोलणं असतं. मीही दाराला कुलूप लावून परत आत जातो.

अनिता खाणीवर जायची तेव्हा आबा बरोबर यायचे. घरात दिवसभर काय करणार? लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे, तिच्या सामानापाशी. पाण्याकडं बघायचे नाहीत, कारण ती खाली गेली की त्यांचा जीव वर यायचा नाही. तिनं त्यांना एकच सांगून ठेवलं होतं, सामानाला हात लावायचा नाही.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगतो. अनितानं लिंबाखाली सिलेंडर जोडला, कॉक उघडला, काटा बघितला. जोडापाशी बारीक ‘सूं’ आवाज येत होता. आतली रबरी रिंग जुनी झालीय, एवढ्यानं काही होत नाही, असं ती म्हणाली. मग मीच घोळ घातला. ऊन अजून खाणीच्या भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं आणि मला पाण्यात उन्हाच्या तिरिपी हव्या होत्या. म्हटलं, थांबा जरा. ती गाडीत डायव्हिंगचा सूट घालायला गेली, मी ड्रोन उडवत बसलो. ऊन आलं तसा मी घाई केली. ती आली, सिलेंडर पाठीला लावला, वरच दोन श्वास घेतले, काटा भरलेला दिसत होता, आणि दोघं आत गेली.

म्हणजे जे काही झालं ते त्या मधल्या वेळात झालं.

३

पोलिसांत जायचं नाही असं अनितानं सांगितलं. मग विचारपूस करायला उरलं कोण? मीच. लग्नात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसापुढं लोक काहीही बोलतात, तो भिंतीसारखाच असतो.

आधी मच्छिंद्र. खाणीचा मालक, बागायतदार, सोसायटीच्या निवडणुकीत दरवेळी उभा राहणारा. मत्स्यबीज सोडणारा एक ठेकेदार खाणीसाठी त्याच्या मागं लागलाय, हे मला ठाऊक होतं. तो लपवायलाही गेला नाही. म्हणाला, “मासे बरे. बुडाले तर कुणी मालकाला धरत न्हाई.” बाईमाणसानं असल्या फंदात पडूच नये, हेही ऐकवलं. त्या वेळेत कुठं होतास म्हटल्यावर बोट दाखवलं ते पार पलीकडच्या काठाकडं. मोबाईलला रेंज तिथंच येते. ऊस तोडायला टोळी मिळेना, त्याच्या बोलण्यात होतो म्हणाला.

मग गिताबाई. खाणीची राखण करते, तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहते. नवरा नाही, मूलबाळ नाही. उसात बिबट्या फिरतो म्हणून दिवस मावळायच्या आत दार लावून घेते, आणि मग सकाळपर्यंत तिच्याशी बोलायला कुणी नसतं. काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे. पाण्यात उतरायच्या आधी त्यांची ओटी भरावी, असं तिनं अनिताला कितीदा सांगितलं होतं. अनिता हसून ‘उद्या’ म्हणायची. गिताबाई मला म्हणाली, हे माणसाचं काम नव्हंच, आसरांनीच ओढलं. मी म्हटलं, आसरा कॉक फिरवतात का? तर ती माझ्याकडं असं बघायला लागली की मीच विषय बदलला.

राहिला रोहन. तिशीचा गडी, रांजणगावला कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपलं, घरी बसला. अनिताचा पहिला विद्यार्थी तो, आणि आता तिच्या हाताखाली काम करायचा. त्याला भेटायला शिरूरला गेलो तर बॅग भरून बसला होता. चाकणला कुठंतरी हेल्परची जागा होती.

त्यानं मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. कॉक पूर्ण बंद असता तर वरच कळलं असतं, पहिल्या दोन श्वासांतच. पण जरासा उघडा असला की वर पुरेशी हवा येते. खाली दाब वाढतो, दर श्वासाला जास्त हवा लागते, तेवढी त्या फटीतून येत नाही. अनिताच्या छातीवर लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यात मीटर दिसत होतं. त्यानं मला ते चित्रण थांबवून थांबवून दाखवलं. ती श्वास घेई तसा काटा खाली पडत होता आणि पुन्हा वर येत होता. खोल जाल तसा जास्त पडत होता. बघवत नव्हतं.

मी विचारलं, म्हणजे मुद्दाम करणाऱ्याला हे नेमकं माहीत पाहिजे?

“व्हय,” तो म्हणाला. “आन् हितं म्याडमशिवाय ते मलाच ठावं हाय. म्हणून तर आबा समद्या कॉलनीत माझं नाव घेत्यात. मीच तिला वर आणलं मामा, आन् मीच मारायला निघालतो?”

दौंडला परतताना आबांकडं डोकावलो. चहा पुढं ठेवून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते.

“असलं काम जवळचाच माणूस करतो, चांगदेवराव. त्या पोराला पोलिसात द्या.”

४

माझी खोली स्टेशनच्या अलीकडं, एक जिना चढून. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली आईचा. संध्याकाळी तिथं दोनच आवाज असतात, बाहेर डेमू लोकलचा आणि आत माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा.

मी आधी ड्रोनचं चित्रण लावलं. आभाळातून खाण दिसते कशी, एवढ्यासाठीच ते घेतलं होतं. त्यात कोण कुठं उभं आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. मच्छिंद्र सगळा वेळ पलीकडच्या काठावर, फोन कानाला, एका हातानं हवेत कुणाला तरी शिव्या देत. रोहन पाण्यात. मीच त्याला सांगितलं होतं, मधोमध उताणा तरंगत राहा, वरनं छान दिसतं. बिचारा सगळा वेळ तरंगतच होता. अनिता गाडीत शिरताना दिसली, बाहेर येताना दिसली. ती मधे सामानाकडं गेलीच नाही.

म्हणजे रोहननं केलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

राहिलं ते लिंबाचं झाड. ड्रोनला त्याचा शेंडा दिसतो, खालचं दिसत नाही. खाली होती गिताबाईची चूल, आबांची खुर्ची आणि सिलेंडर. मग मला माइक आठवला.

नवरदेवाच्या कॉलरला लावतो तो बारका माइक. अनिता कॅमेऱ्यापुढं बोलली तेव्हा मी तो तिच्या डायव्हिंगच्या जाकिटाला लावला होता, आणि जाकीट सिलेंडरला जोडलेलं होतं. ती पाण्यात उतरायच्या आधी मी तो घाईनं काढून घेतला, पण तोवर तो चालूच होता. झाडाखालचं सगळं त्यानं ऐकलं होतं.

कानाला हेडफोन लावून बसलो. बारीक ‘सूं’ आवाज. पक्षी. लांबून माझ्याच ड्रोनची भुणभुण. मग जमिनीवरनं घासत चाललेल्या चपला. टण्, टण्. मग तो ‘सूं’ हळूहळू बारीक होत गेला आणि थांबला. कुणीतरी कॉक बंद केला होता. थोडा वेळ काही नाही. मग गाडीचं सरकतं दार वाजलं, म्हणजे अनिता बाहेर आली. आणि लगेच ‘सूं’ पुन्हा सुरू झाला.

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. कुणी बंद केला, इथपर्यंत ठीक. पण पुन्हा उघडला कशाला? मारायचं असतं तर कुणी उघडेल का? चुकून बंद केला असेल तर पूर्ण का नाही उघडला? ‘टण् टण्’ला मी महत्त्व दिलं नाही, गिताबाईचा झारा पातेल्याला लागला असेल म्हटलं.

डोकं चालेना तेव्हा उठलो आणि चहा टाकायला गेलो. सिलेंडरच्या रेग्युलेटरचा कॉक फिरवला. आणि माझा हात तसाच राहिला.

पाव फेरा. घरच्या गॅसचा कॉक तेवढाच फिरतो. पाव फेरा फिरवला की गॅस पूर्ण चालू. रोज संध्याकाळी हा हात तेवढाच फिरतो आणि थांबतो. बघावंही लागत नाही. मी त्या कॉकाकडं बघतच उभा राहिलो, आणि मग मला माझ्या अकलेची कीव आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

झाडाखालच्या माणसानं कॉक अर्धवट उघडला नव्हता. त्याच्या हिशेबानं तो पूर्ण उघडला होता. शेतातल्या पाइपलाइनचा व्हॉल्व उघडणारा माणूस चाक गरागरा फिरवतो, पाव फेऱ्यावर थांबत नाही. पाव फेऱ्यावर थांबतो तो शेगडीपुढं उभा राहणारा. त्यानं मारायला हात लावला नव्हता. ‘सूं’ आवाज ऐकून, गॅस गळतोय म्हणून बंद केला होता.

झाडाखाली स्वयंपाक करत होती गिताबाई. तिलाच गाठायचं ठरवलं.

५

सकाळी खाणीवर गेलो. गिताबाईनं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसले आणि मला खोलीत नेलं. खाटेखाली लाल सिलेंडर होता, त्यावर भरतकाम केलेला रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलं.

“सरकारनं दिला तवापासनं असाच हाय,” ती म्हणाली. “मला त्या कॉकाचं भ्या वाटतं. म्या त्याला कंदी हात लावला न्हाई.”

तिची चूल बाहेर धुमसत होती, तीन दगडांची. मला ती तिन्ही त्रिकाळ दिसत होती आणि तरी डोक्यात शिरली नव्हती. मी ओशाळलो. मग त्या वेळी ती कुठं होती ते विचारलं. लाईट आली म्हणून मोटरीवर हंडा भरायला गेले होते, म्हणाली. येईस्तोवर तुमची घाई चालू झाली होती.

“मग झाडाखाली कोण होतं?”

“कोण म्हंजी? आबाच की. एकटेच. डुलकी घेत व्हते.”

कानात ते ‘टण् टण्’ वाजायला लागलं. झारा पातेल्याला लागल्यावर असं वाजत नाही. पेरानं लोखंडाला विचारलेला प्रश्न होता तो, माझ्या स्कूटरच्या टाकीला विचारला होता तसा.

मी सगळ्यांना प्रश्न विचारत हिंडलो होतो. आबांना मात्र एकही विचारला नव्हता. त्यांना काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. खरं सांगतो, घरी परत जावं आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाकावं, असं माझ्या मनात आलं. पण मग अनिता स्वतःला दोष देत बसणार, आणि रोहन चाकणला जाणार ते कपाळावर डाग घेऊन.

अनिताला मी तिच्या गाडीतच ऐकवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. ‘टण् टण्’ वाजलं तशी तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पुन्हा लावा म्हणाली नाही.

“म्हणजे मी विसरले नव्हते,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. किती तरी वेळ रडली. आधीचं रडणं सुटकेचं होतं, नंतरचं नव्हतं. आई गेल्यावर ज्या माणसासाठी समुद्र सोडून आली, त्यानंच आपल्या काळजीनं हिला मरणाच्या दारात नेलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता. तिनं मला विचारलं, आबांना कळलं तर ते जगतील का, काका?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

६

शनिवारी तिनं सगळ्यांना खाणीवर बोलावलं. उरलेलं शूटिंग संपवायचंय, एवढंच सांगितलं. रोहनला तिनं स्वतः फोन केला होता. तो आला, पण लांब उभा राहिला. आबांनी त्याला बघून तोंड फिरवलं. मच्छिंद्र आला नाही, ते बरंच झालं.

अनितानं लिंबाखाली सिलेंडर जोडला. मला कॅमेरा सुरू करायला सांगितलं. मग म्हणाली, “आबा, आज कॉक तुम्ही उघडा.”

आबा गोंधळले. हात लावायचा नाही म्हणतेस ना, म्हणाले. आज मीच सांगतेय, ती म्हणाली.

ते खुर्चीवरनं उठले, चपला घासत आले. बोटाच्या पेरानं सिलेंडरला दोनदा वाजवलं. टण्, टण्. कॉकवर हात ठेवला, पाव फेरा फिरवला, आणि हात काढून घेतला.

“झालं,” ते म्हणाले.

रोहननं माझ्याकडं बघितलं. त्याला त्या क्षणी सगळं कळलं, पण तो एक शब्द बोलला नाही. त्या पोराबद्दल मला तेव्हा फार माया वाटली.

अनितानं आबांचा हात पुन्हा कॉकवर ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला, आणि दोघांचे हात फिरवायला लागली. कॉक फिरत राहिला. अजून, अजून, अजून. शेवटी अडला तेव्हा आबा आपल्या हाताकडं बघत होते.

“एवढा फिरतो व्हय हा?”

“एवढा फिरतो, आबा. घरच्यासारखा नाही.”

खाणीच्या पलीकडं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला. आबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. गॅस गळतोय असं वाटलं, ते आठवलं असणार. गाडीचं दार वाजलं तशी पोरगी रागावंल म्हणून होता तसा करून ठेवला, तेही आठवलं असणार. त्यांनी खुर्ची चाचपली, पण बसले नाहीत.

“मग त्या दिवशी...” ते म्हणाले.

“त्या दिवशी मी वर आले ना आबा. रोहननं आणलं.”

आबा वळले आणि रोहनपाशी गेले. हात जोडायला लागले, तर त्यानं दोन्ही हात धरून खाली घेतले. आबा त्याचे हात सोडेनात. म्हणाले, लई बोललो रे तुला, समद्या कॉलनीत बोललो, आता समद्या कॉलनीत फिरून सांगतो की मीच केलं. रोहन म्हणाला, ऱ्हाऊ द्या की आबा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तो सिलेंडरकडं गेला.

मग आबा अनिताला म्हणाले, “मला उद्यापासनं हितं आणू नगंस.”

“आणणार,” ती म्हणाली. “कॉक रोज तुम्हीच उघडायचा. पण पाण्यात जायच्या आधी शेवटचा हात माझा. त्या दिवशी तो मी लावला नाही, ती चूक माझीच होती. तेवढी माझ्याकडं राहू द्या.”

रविवारची बॅच आली. गिताबाईनं आसरांची ओटी भरायला लावली आणि अनितानं या वेळी उद्या म्हटलं नाही. मच्छिंद्रनं दगडावर बसून सगळं पाहिलं आणि ठेकेदाराला बघू म्हणून सांगितलं. रोहनची बॅग अजून चाकणला गेलेली नाही.

व्हिडिओ मी कापून दिला. उन्हाच्या तिरिपी आहेत, ड्रोन आहे, सगळं झकास आहे. पण सुरुवात मी वेगळी केली. पडदा काळा, फक्त आवाज. टण्, टण्. मग एक सुरकुतलेला हात कॉक फिरवतो आणि त्यावर एक तरुण हात. दोन्ही हात फिरत राहतात, कॉक अडेपर्यंत. लोक विचारतात, हा म्हातारा कोण? अनिता सांगते, आमचे मुख्य तंत्रज्ञ.

माझं काय, माझं तसंच. लग्नसराई चालू आहे, दुसऱ्यांच्या हळदी, दुसऱ्यांची वाजंत्री. घरी येतो, चहा टाकतो. पण तेव्हापासून संध्याकाळची डेमू गेली की माझा फोन वाजतो. आबा असतात. दुसरं काही बोलत नाहीत, एवढंच विचारतात, “चांगदेवराव, गॅस बंद केला का?”

आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तो आधीच बंद केलेला असतो. तरी म्हणतो, थांबा आबा, बघून सांगतो. आणि फोन कानाला लावून उठतो.